आजोबांची १९८४ ची पद्मिनी पुन्हा उभी करायची आहे: सुरुवात कोठून करावी?

पद्मिनी_८४ (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. मी सोळा वर्षांचा असून अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. आजोबा गेल्यापासून, म्हणजे साधारण २०१३ पासून, ती कोणी चालवलेली नाही. गाडी पूर्ण आहे. एकही भाग काढून विकलेला नाही. शेडची जमीन मातीची आहे, गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन आहे आणि चारही टायर बसलेले आहेत. इंजिन फिरते की नाही, हे मला माहीत नाही, कारण बॅटरी केव्हाच काढून ठेवलेली आहे.

वडिलांनी परवानगी दिली आहे, मात्र दोन अटींवर: अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ नये आणि धाकटे काका सोबत असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. माझ्याजवळ साठवलेले आणि घरून मिळणारे मिळून चाळीस हजार रुपये आहेत. बरेच व्हिडिओ पाहून मी असा बेत केला आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी पूर्ण सुटी करायची, पत्रा उघडा करून रंग द्यायचा आणि मग इंजिनाकडे वळायचे. मारुतीचे इंजिन आणि पुढे डिस्क ब्रेक बसवता येतील का, असाही विचार मनात आहे. हा क्रम योग्य आहे का, कोणती हत्यारे आधी घ्यावीत आणि कागदपत्रांचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लेथ_आणि_गेज (सांगली)

तुझा प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी अनेक वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा विषय शिकवला. त्या काळात विद्यार्थ्यांच्या आणि ओळखीच्या लोकांच्या ज्या गाड्या अर्धवट राहिलेल्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक इंजिन बिघडल्यामुळे अडलेल्या नव्हत्या. त्या एकाच वेळी पूर्ण सुट्या केल्या गेल्या होत्या. सुटी करायला एक सुट्टी पुरते. जोडायला लागणारा काळ आणि पैसा त्याच्या कितीतरी पट असतो. मधल्या काळात बारावी येते, प्रवेशासाठी गाव सुटते आणि घरच्यांना अंगणात पेट्यांचा ढीग तेवढा दिसत राहतो. म्हणून तुझा बेत मी उलटा करायला सांगतो. गाडी शक्य तितका काळ गाडी म्हणूनच उभी राहू दे, एका वेळी एकच यंत्रणा उघड, ती पूर्ण कर, तपास आणि मगच दुसरीला हात लाव. रंग सर्वांत शेवटी.

पहिला पाना लावण्याआधी दोन गोष्टी कर. एक, गाडीची आतून, बाहेरून, बॉनेटखालून आणि डिकीतून भरपूर छायाचित्रे काढ. विशेषतः वायरी कोठून कोठे जातात आणि पाइप कोणत्या क्लिपमध्ये बसतात, हे दिसले पाहिजे. दोन, खालचा पत्रा तपास, कारण गाडीवर किती खर्च करणे शहाणपणाचे आहे, हे इंजिनापेक्षा पत्र्यावरून ठरते. या विषयावर येथील इतर सदस्य माझ्यापेक्षा अधिक सांगू शकतील.

त्यानंतर ब्रेक. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक, हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण इंजिनाचा आवाज आला की गाडी अंगणात दोन हात तरी पुढे-मागे करण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजून त्यांना खड्डे पडलेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा सिलिंडरला केवळ नवे रबर बसवून भागत नाही, सिलिंडरच बदलावा. रबरी होज बाहेरून चांगले दिसले, तरी आतून फुगून बंद झालेले असतात, म्हणून तेही नवे घ्यावेत. तुझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल, तर कोठेही एक गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, हे लक्षात ठेवून एकही जोड संशयास्पद ठेवू नकोस. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नकोस. ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसून घे आणि फडके पिशवीत बांधून टाकून दे. तोंडाला मास्क हवाच. शेवटी ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात कर. त्या कामाला एक माणूस पेडलवर आणि एक चाकाशी लागतो, तेव्हा काकांना ते काम आवडेल.

ब्रेकनंतर पेट्रोल. टाकीत उरलेल्या पेट्रोलचा आता वार्निशसारखा चिकट गाळ झालेला असेल. ते तसेच कार्बोरेटरकडे जाऊ देऊ नकोस. टाकी उतरवून रिकामी कर, आत गंज किती आहे तो पाहा, लोखंडी नळी हवेने साफ कर आणि रबराची प्रत्येक नळी बदल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि १९८४ च्या गाडीचे रबर, डायफ्रॅम व गॅसकेट त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घे, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदल आणि गाडी पुन्हा महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नकोस, कारण इथेनॉल पाणी ओढते आणि टाकी आतून गंजू लागते. कार्बोरेटरचे जेट साफ करताना त्यांत तार घालू नये. छिद्राचे माप किंचित बदलले, तरी गाडी पुढे कधीच नीट सुधरत नाही. द्रावणात भिजवून हवेने फुंकणे पुरेसे असते.

इंजिनाबाबत घाई नको. बॅटरी जोडून स्टार्टर मारून पाहण्याचा विचार मनात येईल, तो दूर ठेव. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोड आणि काही दिवस तसेच राहू दे. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवून पाहा. फिरले, तर पुढचा बराच खर्च वाचला. अडले, तर पुन्हा तेल सोडून थांब. लांब पाइप लावून जोर करू नकोस, कारण पिस्टनची जाम झालेली रिंग त्यात तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पडतो. इंजिन मोकळे झाल्यावर जुने ऑइल काढून नवे भर, प्लग न लावता स्टार्टरने फिरव आणि ऑइलचा दाब आल्याचे दिसल्यावरच प्लग बसव. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे: ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. गाडी तापली की हेड वाकते आणि बोअरच्या पाण्याने ते आतून खाल्ले जाते. म्हणून रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन घेतल्यावर साधे पाणी न भरता कूलंट भर.

हत्यारांविषयी. पद्मिनी ही मुळात फियाटचीच गाडी आणि फियाटचे नटबोल्ट मेट्रिक मापाचे असतात, ही सोयीची बाब आहे. अँबॅसडर किंवा जुनी जीप असती, तर इंचाच्या मापाचे पाने शोधावे लागले असते. ८ ते २२ मिलिमीटरचे फिक्स पाने आणि रिंग पाने, एक बरा गोटी पान्याचा (सॉकेटचा) संच, पक्कड, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर एवढ्यावर पहिले सहा महिने निघतील. टॉर्क रेंच हेड बसवताना एखाद्या गॅरेजमधून मागून आणता येतो. पैसे वाचवायचे असतील, तर तेथे वाचव. जॅक आणि घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) वाचवू नकोस. दोन टनांचा जॅक आणि चार पक्क्या घोड्या ही पहिली खरेदी असावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही आणि घोडीच्या जागी विटा रचायच्या नाहीत, कारण वीट पूर्वसूचना न देता फुटते. मातीच्या जमिनीवर घोडीचे पाय रुततात, म्हणून त्यांच्याखाली जाड फळी किंवा शहाबादी फरशी घाल आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवणारे ठोकळे) लाव. दोन किलोचे कोरड्या पावडरीचे अग्निशामक शेडच्या दाराजवळ टांगलेले असावे. आत खोलवर ठेवले, तर आग लागल्यावर तेथपर्यंत पोहोचता येत नाही. इंजिन सुरू करशील, तेव्हा शेडचे दार पूर्ण उघडे हवे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गंजलेला बोल्ट सुटत नसेल, तर आधी किंचित आवळून पाहावा आणि मग सोडवावा. गंजाची पकड दोन्ही दिशांनी हलली की ती मोडते. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून त्यावर जागेचे नाव आणि तारीख लिही. ज्यांना परत बसवण्याची घाई नाही, ते बोल्ट जागच्या जागी दोन आटे फिरवून ठेवणे सर्वांत सुरक्षित.

मारुतीचे इंजिन आणि डिस्क ब्रेक यांचा विचार या गाडीसाठी सोडून दे, असे माझे स्पष्ट मत आहे. नीट जुळवलेले मूळचे ड्रम ब्रेक या गाडीच्या वजनाला आणि वेगाला पुरतात. वेगळे इंजिन बसवायचे म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग आणि कागदपत्रे असे चार नवे प्रश्न अंगावर घ्यायचे आणि त्यांची उत्तरे कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाहीत. पहिल्या गाडीवर शिकताना 'ही वस्तू मुळात कशी होती' याचे उत्तर हाताशी असणे फार मोलाचे असते.

प्रायमर_आधी (नाशिक)

वर लेथ_आणि_गेज यांनी पत्र्याचा विषय माझ्यासारख्यांवर सोडला आहे, म्हणून तेवढेच लिहिते. मी गंजरोधक लेपांच्या क्षेत्रात काम करते आणि घरच्या जुन्या गाडीचे पत्र्याचे काम स्वतः उभे राहून करून घेतलेले आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो. म्हणून या गाडीत गंजाचा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही, तो ताकदीचा प्रश्न होतो. दारांखालच्या सिलच्या पेट्या, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जेथे बसतात तो भाग, या जागा आधी पाहाव्यात. एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बॉडीवरून फिरव. जेथे चुंबक चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे, असे समजावे. संशय येईल तेथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बसका आवाज देतो. आतले मॅट काढल्याशिवाय तळाचा खरा अंदाज येत नाही. ते काढताना मॅटखाली ओल सापडली, तर पाणी काचेच्या रबरातून येते की खालून, हेही शोधावे लागेल. अन्यथा नवा पत्राही तसाच जाईल.

तुझ्या वर्णनातल्या दोन गोष्टी आज बदलता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना जवळजवळ खर्च नाही. मातीची जमीन वर्षभर ओल सोडते आणि प्लॅस्टिकचे आच्छादन ती ओल गाडीवरच अडकवून ठेवते. प्लॅस्टिक काढून सुती कापड घाल. गाडीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद पसरून त्यावर फळ्या किंवा फरशी टाक, म्हणजे जमिनीची वाफ वर येणार नाही. सिलच्या खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने किंवा जुन्या अंडरकोटने बुजलेली असतील, तर मोकळी कर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात एवढ्यानेही फरक पडेल.

पत्रा उघडा करून ठेवण्याची घाई मुळीच नको. घासलेला पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो. पुष्कळांना असे वाटते की रेड ऑक्साइड किंवा साधा प्रायमर मारला की काम सुरक्षित झाले. प्रत्यक्षात बहुतेक प्रायमर सच्छिद्र असतात, ओल आत घेतात आणि त्यांच्याखाली गंज शांतपणे वाढत राहतो. म्हणून जेवढा भाग एका आठवड्यात घासून, वेल्डिंग करून, प्रायमर आणि वरचा कोट देऊन पूर्ण होईल, तेवढाच उघडावा. पत्र्याच्या कामाला दिवाळीपासून होळीपर्यंतचे कोरडे महिने उत्तम. तू उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार करतो आहेस. त्या सुट्टीत यांत्रिकी काम कर, कारण जूनमध्ये पाऊस सुरू होईल तेव्हा अर्धवट उघडा पत्रा तुझ्या हाती असू नये.

सिलचे काम निघाले, तर ते स्वतः करू नकोस. एखाद्या जाणत्या पत्रेवाल्याकडे जा आणि त्याने कोणत्या क्रमाने काम केले, ते पाहत उभा राहा. सिल कापण्याआधी बॉडीला आतून आडवे-उभे आधार जोडलेले हवेत आणि दारे बिजागरीवर बसलेली हवीत, कारण दाराच्या फटी सारख्या राहिल्या, तरच बॉडी सरळ राहिली, हे कळते. खाल्लेल्या जागी फायबरचे कापड आणि लांबी लावून देतो, असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नाही म्हण. तो भाग दिसायला भरतो, पण भार घेत नाही. शक्यतो मिग वेल्डिंग करून घ्यावे. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने मोठे सपाट पत्रे वाकतात. वेल्डिंगच्या वेळी पेट्रोलची टाकी गाडीत नसावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते.

रंगाबद्दल एकच सांगते. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासू नये. पाण्याबरोबर वॉटर पेपरने घासावे आणि तो गाळ अंगणातल्या झाडांना जाऊ देऊ नये. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतात. साध्या कापडी किंवा कागदी मास्कने ते अडत नाहीत. तो रंग घरी मारायचा नाही, एवढे वचन स्वतःला दे. चाळीस हजारांत रंग बसवण्याचा प्रयत्न या टप्प्यावर करूच नकोस. पत्रा आणि रंग मिळून यांत्रिकी कामापेक्षा अधिक खातात, असा माझा अनुभव आहे.

कागदोपत्री (पुणे)

कागदपत्रांपुरते लिहितो. ही बाजू आधी तपासणे आवश्यक आहे, कारण गाडी तयार झाल्यावर अडचण कळली, तर मनस्ताप होतो.

प्रथम आरसी पुस्तक शोधा आणि त्यावरील चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी पडताळून पाहा. दोन्हींची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवा. चेसिस क्रमांकाच्या पट्टीवर ग्राइंडर, लांबी किंवा जाड रंग यांपैकी काहीही जाऊ देऊ नका.

गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ चा अर्ज करावा लागतो. त्यासोबत मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. तू अल्पवयीन असल्यामुळे गाडी सध्या वडिलांच्या किंवा आजीच्या नावावर करणे सोयीचे ठरेल. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, चालू विमा आणि पीयूसी लागतात. महाराष्ट्रात पंधरा वर्षांहून जुन्या खासगी गाडीला पर्यावरण कर आहे. उशिराचे शुल्कही लागेल, तेव्हा एकूण रक्कम आरटीओच्या खिडकीवरच विचारून घ्यावी. १९८४ ची गाडी म्हणजे १९८९ पूर्वीचा जुना क्रमांक. अशा कित्येक गाड्यांची नोंद संगणकात नसते आणि मूळ नोंदवहीवरून ती चढवून घ्यावी लागते. या एका कामाला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. नंतर उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही लावावी लागेल, कारण १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती बंधनकारक केलेली आहे.

व्हिंटेज नोंदणीविषयी लोक सर्रास सांगतात, पण ती तुझ्या गाडीला आज लागू नाही. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांनाच ती मिळते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुझी गाडी २०३४ मध्ये त्या वयाची होईल. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी त्या नोंदणीला पात्र ठरत नाही, हेही इंजिन बदलण्याचा विचार करताना ध्यानात घ्यावे. एरवीसुद्धा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत.

शेवटी, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुला मोटारीचा शिकाऊ परवानाही मिळणार नाही. चाचणीसाठी गल्लीत एक फेरी मारायची असली, तरी ती परवानाधारक मोठ्या माणसानेच मारावी आणि तीही नोंदणी व विमा चालू असताना. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली, तर कलम १९९अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

तीन_सिलिंडर (छत्रपती संभाजीनगर)

माझे मत थोडे वेगळे आहे. शिकणे हाच मुख्य हेतू असेल, तर पहिली गाडी म्हणून मारुती ८०० अधिक योग्य ठरते. ती १९८३ च्या अखेरीपासून २०१४ च्या आरंभापर्यंत बनत होती, त्यामुळे तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. ७९६ सीसीचे इंजिन दोन माणसे उचलू शकतात आणि काही चुकले, तरी नुकसान थोडे असते. आजोबांची गाडी भावनिक मोलाची आहे. तिच्यावर शिकण्यापेक्षा शिकून झाल्यावर तिच्याकडे यावे.

लेथ_आणि_गेज (सांगली)

आपला मुद्दा विकत घेणाऱ्यासाठी बरोबर आहे आणि मला कोणी 'कोणती गाडी घेऊ' असे विचारले असते, तर मीही ८०० च सांगितली असती. येथे मात्र गाडी घरात आहे, पूर्ण आहे आणि तिच्यासाठी आणखी एक गाडी विकत घेऊन तिची जागा व कागदपत्रे सांभाळणे या मुलाला परवडणारे नाही. भागांचे म्हणाल, तर पद्मिनीला एका गोष्टीने तारले. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडणे थांबल्यावरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती, त्यामुळे ब्रेकचे, क्लचचे, किंगपिनचे भाग दीर्घकाळ बनत राहिले. ते आजही मिळतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ येथे शोध घ्यावा. दुर्मीळ होत चालले आहेत ते काचेचे रबर, दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या आणि दारांच्या आतल्या मुठी. म्हणून मुलाने मूळची तुटकी पट्टीसुद्धा टाकून देऊ नये. नवी मिळेपर्यंत तिच्यावरून माप घेता येते.

पद्मिनी_८४ (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेत बदलला आहे. काकांसोबत प्लॅस्टिक काढले, फळ्या घातल्या आणि सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. चुंबक डाव्या सिलच्या मागच्या टोकाला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली चिकटत नाही. बाकी पत्रा चांगला वाटतो. आरसी पुस्तक आजीच्या पेटीत सापडले आणि दोन्ही क्रमांक जुळतात. प्लग काढून तेल सोडले होते. काल पुली पान्याने पूर्ण फेरी फिरली, मात्र एका ठिकाणी किंचित जड लागते. एअर फिल्टरमध्ये उंदरांचे घरटे होते आणि डॅशबोर्डखालच्या काही वायरी कुरतडलेल्या आहेत. येथे उद्यमनगरमध्ये एक ओळखीचे कारागीर म्हणतात की इंजिन उतरवून थेट बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून) घ्यावे. तसे करावे का, आणि वायरिंग पूर्ण नवे घ्यावे का?

लेथ_आणि_गेज (सांगली)

इंजिन फिरले, ही उत्तम बातमी आहे. उद्यमनगरमध्ये बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे काम फार चांगले होते आणि शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले कारागीर तेथे आहेत, तेव्हा त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. परंतु माप घेण्याआधी बोअर करायला देऊ नये. आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, गेजने तपास. गेज भाड्याने किंवा गॅरेजमधून मिळेल. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन उघडण्याचे कारणच नाही. एखादा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहा: आकडा वाढला, तर दोष रिंगकडे, न वाढला, तर व्हॉल्व्हकडे. शेजारशेजारचे दोन्ही कमी आले, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा. हे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेव. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन काही तास चालल्यावर पुष्कळदा आपोआप सुधारते, कारण चिकटलेल्या रिंग मोकळ्या होतात. म्हणून पहिल्या आकड्यावरून खर्चाचा निर्णय घेऊ नये. एका ठिकाणी जड लागते, ते बहुधा सिलिंडरमधल्या गंजाच्या पट्ट्यामुळे असेल. प्लगच्या छिद्रातून लहान कॅमेरा घालून ते पाहता येते आणि असे कॅमेरे हल्ली मोबाइलला जोडता येतात.

वायरिंगसाठी बॅटरी आत्ताच जोडू नकोस. कुरतडलेल्या वायरी त्याच रंगाच्या आणि त्याच जाडीच्या वायरीने बदल, जोड नुसता पिळून टेप लावण्याऐवजी सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढव. सर्व जुळल्यावर मल्टिमीटरने एकेक सर्किट तपास, आणि पहिल्यांदा बॅटरी जोडताना तिच्या वायरीत साधा १२ व्होल्टचा बल्ब एकसर जोडून पाहा. सर्व स्विच बंद असताना तो बल्ब झगझगीत पेटला, तर कोठेतरी वायर बॉडीला टेकते आहे, असे समजावे आणि ती सापडेपर्यंत बॅटरी काढून ठेवावी. इन्सुलेशन सर्वत्र तडकलेले निघाले, तरच पूर्ण हार्नेसचा (वायरींच्या संपूर्ण जुडग्याचा) विचार कर. बॅटरीला कट-ऑफ स्विच मात्र पहिल्याच दिवशी बसव.

सिलचा भाग छोटा आहे, तो दिवाळीनंतर. तोपर्यंत डाव्या बाजूचा जॅक त्या टोकाला लावू नकोस. मागे अॅक्सलखाली आधार घे. ब्रेकचे भाग आणताना जुना व्हील सिलिंडर सोबत घेऊन जा, कारण पुढच्या आणि मागच्या सिलिंडरची मापे वेगळी असतात आणि दुकानदाराने दिलेली पेटी उघडून माप जुळवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॉम्प्रेशनचे चारही आकडे मिळाले की येथे लिही. पुढचे काम त्यावरून ठरवू.